सगळ्या प्रयोगशाळेसाठी एकच क्लँगडी इंडेक्स

सांगलीत विश्रामबागच्या महाविद्यालयांमध्ये सी प्लस प्लसचा मोठा प्रकल्प एकाच वेळी अनेक विद्यार्थी उघडतात, तेव्हा प्रत्येक संगणकावर क्लँगडी (एडिटरला कोड समजावून देणारा भाषा-सर्व्हर) तोच इंडेक्स, म्हणजे कोडमधील नावांची सूची, नव्याने बांधत बसतो आणि कमी मेमरीची यंत्रे हैराण होतात. हे काम एकाच सर्व्हरवर सोपवता येते.

प्रथम सीमेककडून (प्रकल्पाच्या बांधणीची आखणी करणाऱ्या साधनाकडून) कंपाइल कमांड्सची जेसन फाइल तयार करून घ्यावी, कारण कोणती फाइल कोणत्या पर्यायांनी कंपाइल होते हे त्याशिवाय क्लँगडीला नीट कळत नाही. ती क्लँगडी-इंडेक्सर या सोबतच्या साधनाला दिली की इंडेक्सची फाइल मिळते. ती आणि प्रकल्पाच्या मूळ फोल्डरचा मार्ग देऊन क्लँगडी-इंडेक्स-सर्व्हर सुरू करावा. तो मुळात 50051 या पोर्टवर सर्व नेटवर्क पत्त्यांवर ऐकतो आणि संवाद कूटबद्ध नसतो, म्हणून हा पोर्ट फायरवॉलने प्रयोगशाळेपुरताच खुला ठेवावा. यात हयगय करू नये.

विद्यार्थ्यांच्या संगणकावर क्लँगडीच्या कॉन्फिग फाइलमधील इंडेक्स विभागात एक्स्टर्नलखाली सर्व्हरचा पत्ता आणि माउंटपॉइंट म्हणून त्या संगणकावरील प्रकल्पाचा मार्ग लिहावा. ही नोंद वापरकर्त्याच्या स्वतःच्या कॉन्फिग फाइलमध्येच हवी. प्रकल्पातील क्लँगडी फाइलमध्ये लिहिल्यास सुरक्षेच्या कारणास्तव ती नाकारली जाते, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. नोंद स्वीकारली गेली की माउंटपॉइंटखालील फाइलींचे पार्श्वभूमीतील इंडेक्सिंग आपोआप थांबते, मात्र उघडलेल्या फाइलींतील ताजे बदल स्थानिक क्लँगडीच टिपतो. इंडेक्स रोज रात्री नव्याने बांधावा. फाइल बदलताच सर्व्हर ती स्वतःहून वाचतो.