कांद्याचा भाव वाचायचा कसा? वहीपुरतं संख्याशास्त्र

आमच्या चांदवडकडे संध्याकाळी मोबाइलवर बाजारभाव आले की सगळ्यांची नजर आधी जास्तीत जास्त दरावर जाते. तो दर खोटा नसतो, पण एखाद्याच वक्कलला, म्हणजे मालाच्या एखाद्याच ढिगाला, मिळालेला असू शकतो. घरचा कांद्याचा हिशेब मी ठेवते. तेवढ्या एका आकड्यावर गाडी भरू नये, असं माझं ठाम मत आहे. शाळेत शिकलेले मध्य, मध्यक आणि बहुलक इथे रोख उपयोगी पडतात.

यादीत आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. बहुतेक माल ज्या दराच्या आसपास गेला तो सर्वसाधारण दर, म्हणजे पुस्तकातला बहुलक. आधी तो बघा. मग कमीत कमी आणि जास्तीत जास्त दरांतलं अंतर काढा. अंतर मोठं असेल तर चांगल्या-हलक्या मालात बाजार फरक करतोय, निवडीची मजुरी निघण्याची शक्यता जास्त.

लिलावात स्वतः उभे असाल तर दर टिपून घ्या. समजा, ओळीतले सात ट्रॅक्टर 1250, 1300, 1380, 1400, 1420, 1450 आणि 2300 रुपये क्विंटलने गेले. यांची सरासरी, म्हणजे मध्य, येतो 1500. पण सातांपैकी सहा जणांना 1500 मिळालेच नाहीत! एका 2300 ने सगळी सरासरी वर ओढली. दर चढत्या क्रमाने लावून मधला घ्या: 1400. हा मध्यक. घरून निघताना मी याच आकड्याची आशा धरते.

आता स्वतःच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, काढा. 12 क्विंटल मोठा कांदा 1900 ने, 6 क्विंटल मध्यम 1400 ने आणि 2 क्विंटल गोल्टी (अगदी लहान कांदा) 600 ने गेली असं धरू. तिन्ही दरांची बेरीज करून तीनने भागलं तर 1300 येतात. हा हिशेब चुकीचा आहे, कारण गोल्टी होतीच किती? प्रत्येक दराला त्याच्या वजनाने गुणा: 22,800, 8,400 आणि 1,200. एकूण 32,400 रुपये, भागिले 20 क्विंटल, म्हणजे 1620. याला भारित सरासरी म्हणतात. यातून गाडीभाडं आणि बाकीचा खर्च वजा केला की खरा भाव हातात येतो. दोन बाजार समित्यांची तुलना करायची तर या खर्च वजा जाता उरलेल्या भावाचीच करा.

सगळ्यात महत्त्वाचं काम चाळीतलं, म्हणजे कांदा साठवतो तिथलं. उन्हाळ कांदा ठेवायचा की विकायचा, हे ठरवण्याआधी सड मोजा. दाराजवळचे, हाताला येतील ते कांदे उचलू नका. ते वाऱ्याला असतात, चांगलेच दिसणार. दोन्ही टोकं, मधला भाग, वरचा आणि तळाचा थर, सगळीकडून थोडे थोडे काढा. 80 किलोत 6 किलो सडके निघाले तर सड साडेसात टक्के. नमुना निवडताना आपली आवड मधे येऊ द्यायची नाही, हेच यातलं मर्म. मूळचे साताऱ्याच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पिकांच्या उत्पादनाचा अंदाज असाच यादृच्छिक, म्हणजे आवडनिवड न करता चिठ्ठी काढल्यासारखे, नमुने घेऊन काढण्यावर मोठं काम केलं. पीकविम्यासाठी शेतातला छोटा तुकडा कापून उत्पादन मोजतात, त्या पीक कापणी प्रयोगांतही हे तुकडे (प्लॉट) असेच निवडायचे असतात. त्यामुळे प्रयोगाच्या दिवशी शेतात हजर राहा आणि प्लॉट कसा निवडला ते विचारा.

सड आणि वाळून होणारी घट मिळून समजा 25 टक्के माल कमी होणार आहे आणि आज भाव 1500 आहे. मग भाव 25 टक्के वाढला की भरपाई झाली, असं पुष्कळ जण धरतात. 25 टक्के वाढून 1875 होतात, पण शंभरातले 75 च क्विंटल उरलेत: 1,40,625 रुपये. आज विकले असते तर 1,50,000 आले असते. बरोबरीला यायला 1500 भागिले 0.75, म्हणजे 2000 रुपये भाव लागेल. चाळीचा आणि निवडीचा खर्च त्याच्या वर धरा.

हा बरोबरीचा भाव चाळ भरतानाच वहीत लिहून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी सड मोजून नवा काढा.