लाल चामड्याची जुनी बॅग: धुणं वीस मिनिटांचं, वाळवणं तीन दिवसांचं

गोव्यात जुन्या चामडी बॅगा नव्यासारख्या करण्याचं काम शिकायचं असेल, तर एक गोष्ट आधी पक्की करा. इथे कसब धुण्यात नाही, वाळवण्यात आहे. बॅग वीस मिनिटांत धुऊन होते. तीच मार्चमध्ये दोन-तीन दिवसांत वाळते. जुलैत मात्र आठवडा उलटला तरी शिवणींत ओल राहते आणि तिथे बुरशी धरते. म्हणून जून ते सप्टेंबर पाण्याचं काम घेऊच नका. त्या महिन्यांत शिवणी, बकला आणि रंगाचे नमुने करा. धुणं चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊन पाऊस पुरता ओसरल्यावर.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात जुनी लाल बॅग हाती लागली, तर आधी कापलेली कड बघा. चामड्याची कड तंतूंची, जराशी केसाळ असते. रेक्झिनच्या, म्हणजे नकली चामड्याच्या, मागे विणलेलं कापड दिसतं. रेक्झिनवरचा थर दमट हवेत आपोआप सुटतो आणि त्याचे खवले निघतात. त्याला उपाय नाही, त्यावर वेळ घालवू नका.

चामडं असलं तरी प्रत्येक बॅग पाण्यात बुडवता येत नाही. अस्तर नसलेली, जाड, एकसंध चामड्याची बॅग बुडवता येते. १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या कोच कंपनीच्या जुन्या बॅगा बऱ्याचशा अशाच, अस्तराविना आणि पितळी कड्यांच्या. तळाशी अंगठा दाबून पुठ्ठा जाणवला, आत चिकटवलेलं अस्तर असलं किंवा चामडं सुएड, म्हणजे मखमलीसारखं लवदार, असलं, तर फक्त ओल्या फडक्याचं काम. बोटांना विटकरी भुकटी लागली, तर बॅग पाण्याजवळ नेऊ नका. हा लाल रंग सुटत नसतो, झाडाच्या सालीने कमावलेलं चामडंच कुजत असतं. पाणी लागलं की ते काळं पडतं आणि कडक होतं. अशी बॅग गिऱ्हाइकाला तशीच परत द्यावी.

वर पांढरं काही दिसलं की नवशिके लगेच बुरशी म्हणतात. हेअर ड्रायरची कोमट हवा अर्धा फुटावरून द्या. पांढरेपणा विरघळून आत गेला, तर ती चामड्यातलीच चरबी वर आलेली असते, मऊ फडक्याने पुसली की झालं. तसाच राहिला, पण ओल्या फडक्याने विरघळला तर मीठ. कुबट वास येऊन ब्रशने धूळ उडाली तर बुरशी. ती मास्क लावून, घराबाहेर झाडायची.

आता लाल रंग. जुन्या लाल चामड्याला बहुधा आम्लात पकडणारे रंग दिलेले असतात. कपड्यांचा साबण किंवा पावडर अल्कली असते. त्यात रंगाची पकड सुटते आणि बादली गुलाबी होते. गरम पाण्यानेही तेच. म्हणून आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा कापूस तीस सेकंद दाबून धरा. फिकट गुलाबी डाग आला तर हरकत नाही. गडद लाल आला तर बुडवायचा विचार सोडा.

पाणीही निवडून घ्या. जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असू शकतं. सालीने कमावलेल्या चामड्यातल्या टॅनिनशी, म्हणजे सालीतल्या तुरट द्रव्याशी, ते भिडलं की निळसर काळे डाग पडतात आणि सहसा जात नाहीत. गंजकी बादली आणि गंजके चिमटेही तेच करतात. आरओचं पाणी आणि प्लॅस्टिकचं टब घ्या.

पाच लिटर पाणी, हाताला ना गार ना गरम लागेल असं. त्यात एक चमचा सौम्य शांपू. बॅग आधी काट्यावर ठेवून वजन लिहून घ्या, मग एकदम पूर्ण बुडवा. अर्धवट भिजली तर ओल जिथे थांबते तिथे कायमची रेघ उमटते. मऊ ब्रशने पाच-सात मिनिटं, आतूनही. पट्ट्याच्या घड्यांत मळ जास्त असतो. मग तीनदा स्वच्छ पाण्यातून काढा. शेवटच्या पाच लिटरमध्ये एक चमचा पांढरं व्हिनेगर टाकलं की पाणी किंचित आंबट होतं आणि रंग धरून राहायला मदत होते. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबायचं.

आत पांढरे सुती टॉवेल भरून बॅगेला मूळचा आकार द्या. वर्तमानपत्र भरू नका, ओल्या चामड्यावर शाई उतरते. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, सावलीला, पंख्याखाली ठेवा. पहिल्या दिवशी दर तीन तासांनी टॉवेल बदला. ऊन, हेअर ड्रायर, उन्हात उभी गाडी, तिन्ही वर्ज्य. ओलं चामडं तापलं की आक्रसतं, आणि ते परत सैल होत नाही. लाल रंग तर उन्हात विटतोच. वरून कोरडं लागलं म्हणून वाळलं असं धरू नका. ६०० ग्रॅमची बॅग धुतल्यावर ९०० भरली असेल, तर ती पुन्हा ६००च्या आसपास येऊन दोन दिवस तिथेच थांबली पाहिजे. इथल्या हवेत हाताच्या अंदाजापेक्षा काटा खरा.

रंग द्यायचा नसेल, तर किंचित ओल असताना लॅनोलिनची (मेंढीच्या लोकरीतली चरबी) किंवा मेणाची क्रीम लावा. मध्यम बॅगेला एक चमचा पुरे. घरात आहे म्हणून खोबरेल लावू नका. त्याने लाल रंग काळपट होतो आणि पुढे तेल खवट होतं.

रंग द्यायचा असेल, तर क्रीम आधी नको, रंग धरणार नाही. पूर्ण वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस हलक्या हाताने एकदा फिरवा. लाल जुळवणं फार अवघड. लाल रंग टोमॅटोकडे झुकतो की जांभळाकडे, हे दिवसाउजेडी ठरवा, ट्यूबलाइटखाली नाही. चामड्याचा अॅक्रिलिक रंग स्पंजने तीन-चार पातळ हातांत द्या, मधे अर्धा तास सोडून. जाड एक हात दिला की घडीवर तडकतो. वर लॅकरचा पारदर्शक थर, आणि एक दिवसाने पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून बघा. फडकं लाल झालं तर गिऱ्हाइकाची साडीही होईल. बुटाचं पॉलिश याच कारणासाठी चालत नाही.

पितळेवरचा हिरवा मेणचट थर दातकोरणीने खरवडा. घरची समई सोलांनी (आमसुलांनी) किंवा चिंचेने उजळते, पण तो आंबट रस चामड्यावर ओघळला की डाग पडतो. त्यामुळे कडी सुटी निघत असेल तरच.

बॅग परत देताना ती सुती पिशवीत घालून द्या, प्लॅस्टिकच्या नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, तेव्हा कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवायला आणि उघडीप मिळाली की बॅग तासभर पंख्याखाली काढायला गिऱ्हाइकाला सांगा.