गाडीचा गंजलेला फ्लोअर घरी वेल्ड करताय? या चुका टाळा

सांगलीत जुन्या गाडीचं कार्पेट उचललं की खाली काय निघेल याचा नेम नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत कृष्णेचं पाणी ज्या गाड्यांत शिरलं, त्यांतल्या बऱ्याच धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या. कार्पेटखालचा फोम मात्र गाळासकट ओलाच राहिला. माझ्या मारुती 800 चीही तीच गत. ड्रायव्हरच्या पायाखाली रुपयाएवढं भोक दिसलं. म्हटलं, एका रविवारचं काम. चार रविवार गेले.

कारण मी भोक मोजलं, गंज मोजला नाही. डांबरी पॅड खरवडून काढा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने पत्रा टोचत चला. टोक आत घुसलं किंवा पोपडा सुटला की तिथला पत्रा गेला असं समजा. खणखणीत पत्रा लागेपर्यंत कापायचं. माझं रुपयाएवढं भोक शेवटी ताटलीएवढं झालं. आधी कापायला जीव होईना, म्हणून भोकाच्या कडेलाच तुकडा जोडायला बसलो. प्रत्येक टाक्याला कड वितळून मागे सरके आणि भोक आणखी मोठं होई. ‘मला वेल्डिंग जमत नाही’ असं नवशिक्याला वाटतं ना, ते बहुतेक वेळा हेच असतं. हाताचा दोष नसतो, खाली पत्राच उरलेला नसतो.

गंज दाराखालच्या पोकळ पेटीत, चासीच्या पट्टीत किंवा सीट बेल्टच्या बोल्टपाशी पोचला असेल तर हात लावू नका. अपघातात जीव तिथे टांगलेला असतो. ते काम मुरलेल्या डेंटरचं.

गेट-ग्रिल जोडायचं रॉडचं मशीन इथे चालत नाही. फ्लोअरचा पत्रा एक मिलीमीटरच्या आतबाहेरचा, अडीच नंबरचा रॉड त्याला सरळ जाळतो. सीओटू मशीन घ्या, म्हणजे टॉर्चमधून बारीक वायर आपोआप पुढे येते आणि गॅस टाक्याला हवेपासून झाकतो ते; वायर 0.8 मिलीमीटरची, मिळाली तर 0.6 ची. गॅसविना चालणारी, पोटात फ्लक्सची पूड भरलेली वायर वापरणार असाल तर मशीनची पोलॅरिटी बदलावी लागते: टॉर्च निगेटिव्हला, अर्थ पॉझिटिव्हला. तुकड्यासाठी 20 गेजचा सीआरसीए, म्हणजे जस्त न चढवलेला साधा पत्रा आणा. घरी पडलेला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा नको. त्यावरचं जस्त जळून जो पांढरा धूर निघतो, त्याने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, आणि टाकाही सच्छिद्र होतो.

आता काम करताना काय बिघडतं ते. भोक पडत असेल तर करंट उतरवा, ट्रिगर क्षणभरच दाबा आणि मागे तांब्याची पट्टी धरा. तांब्याला टाका चिकटत नाही आणि उष्णता ते ओढून घेतं. टाका नुसता वर गोळ्यासारखा बसत असेल तर आधी अर्थचा चिमटा बघा, तो रंगावर लावलेला असतो. चिमट्याखाली पत्रा चकचकीत हवा. नाहीतर व्होल्टेज बघा. मळ्यात मोटारी चालू असताना, वर बारीक एक्स्टेन्शन वायर लावून, मशीन नुसतं गुरगुरतं. टाक्यात जाळी दिसली तर गॅस वाऱ्याने उडतोय किंवा कडेला गंज-रंग राहिलाय. उकडतंय म्हणून मी पंखा लावला होता, तो बंद करताच जाळी गेली. आणि सलग रेघ ओढू नका, पत्रा पापडासारखा उचलतो. इंचा-इंचावर टाके, एक या कोपऱ्यात तर दुसरा समोरच्या. हात ठेवता आला की पुढचा.

आगीबद्दल मात्र थट्टा नको. पेट्रोलची आणि ब्रेकची पाइप फ्लोअरखालूनच जाते, वायरिंग कार्पेटखालून. सीट, कार्पेट, फोम सगळं बाहेर. बॅटरीची निगेटिव्ह सोडा. पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी आणि एक माणूस खालून बघायला. गाडीत सीएनजीची टाकी असेल तर घरी वेल्डिंग करूच नका. काम संपल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. मी चहाला उठलो. जळका वास आला तेव्हा वाटलं शेजारी दूध उतू गेलं. माझाच विसरलेला फोमचा तुकडा धुमसत होता.

वेल्डिंगची काळी काच न लावता ‘एकच टाका’ मारणाऱ्यांना रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. तो एकच टाका असतो.

जोडाला दोन्ही बाजूंनी एपॉक्सी प्रायमर, मग सीलर, मग खालून अंडरबॉडी कोटिंग. उघड्या टाक्यांवर डांबर थापलं तर ओल आत कोंडते आणि गंज झाकून वाढतो. पण त्याआधी पाणी येतं कुठून ते शोधा: पुढच्या काचेचं रबर, बॉनेटखालच्या जाळीत अडकलेला पाला, फ्लोअरच्या भोकांची सुटलेली रबरी बुचं, एसीची तुंबलेली नळी. गाडीवर पाइपने पाणी मारून आत कोरड्या हाताने चाचपा.

मी हे उलट्या क्रमाने केलं. यंदाच्या पहिल्या वळवाला ड्रायव्हरची बाजू ठणठणीत कोरडी, क्लीनर साइडला मात्र डबकं. कार्पेट अजून गच्चीवर आहे.