टीव्ही लायसन्सवाले दारात आले तर

इंग्लंडात घर भाड्याने घेतलं की थोड्याच दिवसांत 'लीगल ऑक्युपायर' (कायदेशीर रहिवासी) अशा नावाने टीव्ही लायसन्सवाल्यांचं एक पत्र पडतं. टीव्ही लायसन्स म्हणजे टीव्ही बघण्यासाठी पैसे भरून घ्यायचा परवाना. भाषा दरडावणीची. घाबरू नका, लायसन्स नसलेल्या पत्त्यांवर अशी पत्रं जातच राहतात.

आधी बघा, तुम्हाला लायसन्स लागतं का. नुसता टीव्ही घरात असला म्हणून ते लागत नाही. कुठल्याही देशाची वाहिनी थेट बघत असाल, तर लागतं. मोबाईलवर चालू असलेली आयपीएलची मॅच त्यात आली, रात्रीची मराठी मालिका वाहिनीवर लागते तेव्हाच ॲपवर बघितली तर तीही आली. बीबीसी आयप्लेअर या बीबीसीच्या ॲपवर जुना कार्यक्रम बघायलाही लायसन्स हवं, हा नियम 2016 पासूनचा. नेटफ्लिक्सवरचे सिनेमे, यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ एवढंच बघत असाल तर नको. तसं टीव्ही लायसन्सवाल्यांच्या वेबसाईटवर कळवा. पत्रं बरीच कमी होतात, तरी खात्री करायला माणूस येऊ शकतो.

तो येतो कंत्राटदार कंपनीकडून, गळ्यात ओळखपत्र घालून. पोलीस नाही, जप्तीवालाही नाही. आणि इथेच आपली माणसं फसतात: दारात कोणी आलं की "या, बसा, चहा घेणार?" तोंडातून निघतंच. वॉरंट नसेल तर त्याला आत येण्याचा हक्क नाही, आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरं देण्याची सक्तीही नाही. "आज बोलायचं नाही, थँक यू" म्हणून दार लावलंत तर तो गुन्हा होत नाही. मात्र कोर्टाचं वॉरंट घेऊन आले, तर अडवू नका.

बोललातच तर खोटं बोलू नका. तो दारातच फॉर्म भरतो आणि सही मागतो. तो तुमचा जबाब असतो, पुढे कोर्टात तोच वाचला जातो. "सही केली की मिटलं" असं समजून पेन हातात घेऊ नका. लायसन्स लागत असून घेतलं नसेल तर दंड 1000 पौंडांपर्यंत होतो. कोर्टाची नोटीस आली तर 21 दिवसांत उत्तर द्या, ती ड्रॉवरमध्ये सारू नका.

लायसन्स लागत असेल तर सरळ घेऊन टाका. एप्रिल 2025 पासून वर्षाला 174.50 पौंड होते, दर बदलतो. हप्त्यानेही भरता येतात. चौघांनी मिळून एकाच करारावर घर घेतलं असेल तर एक पुरतं. प्रत्येकाचा खोलीचा करार वेगळा असेल तर ज्याचं त्याने बघायचं.