फ्लेक्स बोर्ड: चौरस फुटाच्या दरात काम घेऊनही तोटा होत असेल तर

लक्षण: 7×3 फुटी बोर्ड, बिल 21 चौरस फुटांचं. ऑर्डरी भरपूर, पण महिनाअखेर हातात काही उरत नाही. आधी दर वाढवून पाहिला, गिऱ्हाईक तुटलं. मग स्वस्त मटेरियल वापरलं, ते एका उन्हाळ्यात फिकं पडलं. डोकं पिकलं.

चूक मोजणीत होती. दर असा काढायचा, याच क्रमाने:

आधी फ्लेक्स. फ्रेमवर गुंडाळायला चारही बाजूंनी 3 इंच धरा, म्हणजे 7.5×3.5. साडेतीन फुटी रोल मिळत नसेल तर 4 फुटी लागतो. 4×7.5 म्हणजे 30 चौरस फूट. खर्च 21 वर नाही, 30 वर.

मग पाईप. फ्रेमची परिमिती 20 फूट, मधले दोन आधार 6 फूट, एकूण 26. '20 फुटी' म्हणून मिळणारा पाईप 6 मीटरचा असेल तर तो जेमतेम 19 फूट 8 इंच भरतो, त्यात कटिंगची झीज. म्हणून दोन पाईप लावा. उरलेला तुकडा पुढच्या कामात येईल तेव्हा येईल, या बिलात वजा करू नका.

त्यानंतर डिझाईन, वेल्डिंग, टेम्पो, फिटिंगची मजुरी. डिझाईनच्या दोन दुरुस्त्या धरा, तिसरीचे वेगळे पैसे हे आधीच सांगा.

शेवटी नफा. बिलाच्या 30 टक्के हवा तर खर्चाला 1.30 ने गुणू नका, 0.70 ने भागा. खर्च 1,400 असेल तर गुणून 1,820 येतात आणि त्यात नफा फक्त 23 टक्के, भागून 2,000. जीएसटी लागू असेल तर त्यावर वेगळा.