मोठ्या संख्येचे मूळ अवयव काढताना या चुका टाळा

उदाहरणाला एकच संख्या घेऊ: 2 चा 67 वा घात, वजा 1. म्हणजे 147573952589676412927. एकवीस अंक. शाळेत शिकलेल्या अवयव पद्धतीत कुठे कुठे पाय घसरतो, ते या एका संख्येवर जवळजवळ सगळं दिसतं.

पहिली चूक गणिताआधीच होते. ही संख्या एक्सेलमध्ये टाकून पाहा. एक्सेल पहिले पंधरा अंक ठेवतं आणि उरलेल्या सहांच्या जागी शून्यं भरतं. मग 2 ने भाग जातो, 5 नेही जातो, आणि आपण भलत्याच संख्येचे अवयव काढत बसतो. आपली खरी संख्या तर 7 ने संपते, म्हणजे विषम आहे. आलेला अवयव शेवटच्या अंकाशी जुळतो का, एवढं आधी बघायची सवय लावा.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, म्हणून तिथे लोक निर्धास्त होतात. पण एकेरी तिरकी रेघ देऊन भागलंत की उत्तर दशांश संख्येत येतं, आणि 9007199254740992 च्या पुढे तिथे प्रत्येक पूर्णांक नेमका मावत नाही. आपल्या संख्येला 3 ने असं भागून 'उत्तर पूर्णांक आहे का' विचारा, होकारच येईल. प्रत्यक्षात बाकी 1 उरते. त्यामुळे भागाकार न पाहता टक्क्याच्या चिन्हाने बाकी काढावी. संख्या लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसकट चिकटवू नका, पायथन तिचे तुकडे करतं.

आता खरी मेख. 67 मूळ आहे म्हणून 2 चा 67 वा घात वजा 1 ही मूळ असेल, असं वाटतं. पण 11 सुद्धा मूळ आहे आणि 2047 म्हणजे 23 × 89. फ्रेंच गणिती मर्सेनने 1644 मध्ये अशी मूळ संख्या देणाऱ्या घातांकांची यादी दिली, तीत 67 होता, आणि तो चुकीचा ठरला. फर्माच्या चाचणीचा (पायाचा त्या संख्येइतका घात घेऊन त्याच संख्येने भागलं, की बाकी पायाइतकीच उरते का) आधार घेतलात आणि पाया 2 ठेवलात, तर या जातीची संख्या घातांक मूळ असला की दर वेळी उत्तीर्ण होते, संयुक्त असली तरी. इथे लुकास-लेमर चाचणीच वापरा: 4 पासून सुरुवात, प्रत्येक पायरीला वर्ग करून 2 वजा, आपल्या संख्येने भागून बाकी घ्या, असं 65 वेळा. शेवटी शून्य आलं नाही तर संख्या संयुक्त.

संयुक्त आहे हे कळलं म्हणजे अवयव सापडले असं मात्र नाही. फ्रेंच गणिती लुकासने 1876 मध्येच ही संख्या संयुक्त असल्याचं दाखवलं होतं, पण अवयव मिळाले 1903 मध्ये. अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले: 193707721 × 761838257287. मला हा सत्तावीस वर्षांचा काळ फार महत्त्वाचा वाटतो. 'मूळ आहे का' आणि 'अवयव कोणते' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा कितीतरी अवघड.

शोधताना 3, 5, 7 असं सरळ चालत सुटू नका. या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव 134k + 1 याच रूपाचा असतो (k म्हणजे 1, 2, 3 अशी कोणतीही पूर्ण संख्या, आणि 134 म्हणजे 67 ची दुप्पट), शिवाय 8 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 7 हवी. कोल यांचा लहान अवयव k = 1445580 ला येतो. दुसरी अट लावली की त्यातले निम्मेच k तपासावे लागतात, आणि संगणकाला तेवढं अगदी किरकोळ.

एक अवयव मिळाला की उरलेला भाग मूळ मानून थांबणं ही चूक फार जण करतात. 2 चा 29 वा घात वजा 1, म्हणजे 536870911, याला 233 ने भाग जातो. उरतात 2304167. वर्गमूळ साधारण 1518, तेव्हा तिथपर्यंत तपासावंच लागतं, आणि 1103 ने भाग जातो: 1103 × 2089. आधीच थांबला असता तर भाजक आठच्या ऐवजी चार मोजले असते.

शेवटी गुणाकार पडताळा. अंकांची बेरीज करून 9 ची बाकी काढली तर इथे दोन्ही अवयवांची 1, गुणाकाराचीही 1. पण दोन अंकांची अदलाबदल झाली तर हा ताळा ती पकडत नाही. म्हणून 11 चाही करा: अवयवांच्या बाक्या 9 आणि 8, गुणाकार 72, त्याची बाकी 6, आणि आपल्या एकवीस अंकी संख्येची बाकीही 6.