यकृत पाहताना आधी शिरा शोधा

रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षी एका सडपातळ बाईंच्या सोनोग्राफीवर 'यकृत वाढले आहे' असे लिहून मी मोकळा झालो होतो. त्यानंतर महिनाभर त्यांच्या रक्ताच्या तपासण्या चालल्या आणि सगळ्या नॉर्मल आल्या. मग आमच्या मॅडमनी स्वतः प्रोब ठेवला. उजव्या लोबच्या, म्हणजे यकृताच्या उजव्या खंडाच्या, खालच्या कडेपासून जिभेसारखा एक भाग बेंबीच्या दिशेने उतरला होता, त्याचा पोत बाकीच्या यकृतासारखाच होता आणि डावा लोब मुळीच वाढलेला नव्हता. तो रिडेलचा लोब होता. बर्नहार्ड रिडेल यांनी त्याचे वर्णन १८८८ मध्ये केले असून तो बायकांत अधिक आढळतो, एवढे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. समोर आल्यावर मात्र ओळखता आला नाही.

याच्या उलट प्रसंग फार क्वचित येतो, पण त्यात चूक महागात पडते. एका गृहस्थांच्या उजव्या बरगड्यांखाली यकृताच्या जागी मोठ्या आतड्यातला वायूच दिसत होता आणि डावा लोब भलताच मोठा होता. सिरॉसिसने (यकृत व्रणांनी कडक होण्याच्या आजाराने) किंवा पित्तनलिकेतील अडथळ्याने उजवा लोब आक्रसला असावा, असा कोणाचाही पहिला तर्क होईल, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो. परंतु आक्रसलेल्या लोबमध्ये उजवी पोर्टल व्हेन (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शिरा), उजवी हिपॅटिक व्हेन (यकृतातून रक्त बाहेर नेणारी शिरा) किंवा पित्तनलिका यांपैकी काहीतरी, बारीक का होईना, शिल्लक असते. जन्मतःच लोब तयार झालेला नसेल तर तिन्हींचा मागमूस नसतो. म्हणून सोनोग्राफीवर न थांबता सीटी मागावा आणि त्यात पोर्टल फेज, म्हणजे शिरेतून दिलेले औषध पोर्टल व्हेनमध्ये पोहोचल्यावर घेतलेली चित्रे, आहे ना, याची खात्री करून घ्यावी. या गृहस्थांच्या सीटीत तिन्हींपैकी एकही सापडली नाही.

लहान मुलांमध्ये डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करताना पोर्टल व्हेन यकृतात शिरते की थेट इन्फिरिअर व्हेना कॅव्हाला (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेला) मिळते, हेही पाहावे. जॉन अ‍ॅबरनेथी यांनी १७९३ मध्ये नोंदवलेली ही विकृती रक्तातील अमोनिया विनाकारण वाढलेल्या मुलात हमखास शोधावी.

उजवा लोब नसलेल्या रुग्णाच्या रिपोर्टमध्ये पित्ताशय कुठे आहे, हे मी आता वेगळ्या ओळीत लिहितो, कारण ते यकृताच्या मागे किंवा वरही सरकलेले असते आणि पुढेमागे खड्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करणारा सर्जन ते नेहमीच्या जागी शोधत बसेल.